तिसऱ्या रिळाचं पान

तिसरं रीळ सुरू झालं आणि लोक हसायला लागले.

हसण्यासारखं काहीही नव्हतं. माझ्या हातातल्या कागदावर नायक पियानोच्या तारा पुसत होता आणि आपल्या मेलेल्या आईबद्दल बोलत होता. मी ते जमेल तितक्या हळव्या आवाजात वाचलं. समोर अंधारात तीनशे माणसं खदखदली. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टीही मारली.

माझ्या शेजारच्या खुर्चीवरून शालन हळबे कुजबुजल्या, "आठल्ये, वर बघा."

मला वाटलं, त्या म्हणतायत की आवाज वर करा. मी आवाज वर केला. लोक आणखी हसले.

मिरजेतली ही १९७१ सालची गोष्ट. ‘रत्नमाला’ टॉकीजमध्ये महिन्यातून एका रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या चित्रपट मंडळाचा खेळ असे. दातांचे डॉक्टर चिवटे मंडळाचे अध्यक्ष. टॉकीजच्या मालकांचे दात त्यांच्याच ताब्यात असल्यामुळे थिएटर फुकट मिळायचं. मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो, वय चौतीस, आणि गावात फ्रेंच येणारा एकुलता एक माणूस अशी माझी ख्याती होती.

ती ख्याती अर्धी खोटी होती, हे आता लिहायला हरकत नाही. एका वकिलांच्या मृत्यूनंतर त्यांची पुस्तकं वाचनालयाला आली. त्यांत साठेक फ्रेंच होती. त्यांची नोंद करायची म्हणून मी पुण्याहून टपालानं धडे मागवले, जाडा शब्दकोश घेतला, आणि चार वर्षांत वाचायला शिकलो. पण ही भाषा कुणाच्या तोंडून ऐकली मात्र कधीच नव्हती. माणसं बोलायला लागली की मला एक शब्द वेगळा काढता येत नसे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

म्हणून जेव्हा इंग्रजी अक्षरं खाली नसलेला एक फ्रेंच विनोदी प्रेमपट मंडळाला मिळाला, तेव्हा डॉक्टर माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "पंडित! तुम्ही भाषांतर करायचं आणि माइकवर वाचायचं. बायकांचे संवाद शालनताई वाचतील. मूळ आवाज आपण बारीक ठेवू."

"मला माइकची सवय नाही, डॉक्टर."

"दात काढायचीही कुणाला सवय नसते. काढतातच ना?"

शालन हळबे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि हौशी नाटकांत कामं करायच्या. वय तिशीचं. रोज संध्याकाळी साडेपाचला त्या वाचनालयात येत, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून तासभर वाचत आणि उठताना खुर्ची टेबलाला न लावताच जात. वाचनालयाचा नियम होता की बंद करताना सगळ्या खुर्च्या आत सरकवायच्या. ती एक खुर्ची मी सरकवत नसे. शिपायालाही सरकवू देत नसे. याहून जास्त माझ्याकडून काही झालेलं नव्हतं, तीन वर्षांत.

चित्रपटाबरोबर संवादांची टंकलिखित वही आली होती आणि एक माहितीपत्रक. पियानो दुरुस्त करणारा एक मुखदुर्बळ माणूस दर मंगळवारी एका घरी जातो, तिथल्या मुलीचं लग्न एका सावकारी पेढीच्या मालकाशी ठरलेलं असतं, अशी ती कथा. दिग्दर्शक आणि संवाद लिहिणारी बाई हे नवराबायको. माहितीपत्रकात लिहिलं होतं की एका प्रसंगावरून दोघांचं तीन दिवस भांडण चाललं होतं. नायक मुलीला विचारतो, "थांबणार ना?" मुळात दोनच शब्द. त्यावर मुलीनं काय म्हणावं यासाठी बाईंनी अकरा उत्तरं लिहिली. नवऱ्यानं अकराही खोडली. शेवटी मुलगी काहीच बोलत नाही, असंच ते चित्रित झालं. वहीत तिच्या नावापुढे नुसती एक आडवी रेघ होती.

त्या रेघेनं माझं डोकं फिरवलं.

मी पंधरा दिवस भाषांतर करत होतो आणि प्रत्येक वाक्य जितकं मुळात तितकंच ठेवत होतो. पण तिसऱ्या रिळातल्या त्या दोन शब्दांपाशी मी अडलो. मग एका रात्री त्या दोन शब्दांच्या जागी पाच वाक्यं लिहिली. ती नायकाची नव्हती. ती माझी होती.

शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे एकच काम होतं. टॉकीजच्या केबिनमध्ये जाऊन ऑपरेटर बाबालाल मुल्लांबरोबर पाचही रिळांची सुरुवात बघायची आणि वहीशी ताडून घ्यायची. आधीच्या गावाहून डबे येत, त्यांत काय असेल याचा नेम नसे. मी गेलो नाही. घरी बसून ती पाच वाक्यं सातव्यांदा लिहीत होतो.

रविवारी सकाळी बाबालालभाईंनी जिन्यात गाठलं. "काय ओ सायेब, काल वाट बघितली की. डबं बघायचं न्हवतं?"

"डब्यांवर आकडे आहेत ना?"

"आकडं हायती. आत काय हाय ते अल्ला जाणं."

"मग लावा आकड्यांप्रमाणे. बरोबर असतील."

"तुमी म्हंताय तर बरोबरच," ते म्हणाले. मी शिकलेला माणूस होतो.

पडद्याच्या डाव्या बाजूला, पडदा तिरका दिसेल अशा दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक माइक ठेवला होता. माझी बॅटरी ऐनवेळी लागेना. शालनताईंनी आपल्या पिशवीतून स्वतःची काढली. "मी धरते. तुम्ही कागद सांभाळा."

मी त्यांना तिसऱ्या रिळाचं नवं पान दिलं. "एवढं एक बदललंय."

त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. मी माइकची वायर सरळ करत होतो, खरं तर सरळ असलेली वायर वाकडी करत होतो. एक पान वाचायला जितका वेळ लागतो त्याहून त्यांना बराच जास्त लागला.

"तुमचा हा नायक," त्या म्हणाल्या, "वाचनालयात जातो वाटतं?"

"मूळ... मुळात थोडं वेगळं आहे. मराठी माणसाला समजावं म्हणून."

"असं होय. आणि इथं माझं वाक्यच नाही. नुसती रेघ."

"मुळातही रेघच आहे. तुम्ही काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"तुम्हांला वाटेल ते."

"तिच्या मनानं बोलू, की माझ्या?"

इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तर तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "पडद्यावर बघून बोला. म्हणजे कळेल."

त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाल्या, "बरं. पडद्यावर बघून."

पहिली दोन रिळं छान गेली. डॉक्टर मध्येच येऊन माझ्या पाठीत थाप मारून गेले. शालनताई मुलीची आई, मोलकरीण, मुलगी असे तीन आवाज काढत होत्या आणि माझा एकच आवाज सगळ्या पुरुषांना पुरत होता. मी पडद्याकडे पाहत नव्हतो. पाहिलं की ओळ चुकायची. कागदावर पिवळा गोल उजेड पडलेला होता, आणि तो गोल मी वाचत असलेल्या ओळीबरोबर खाली खाली सरकत होता. शालनताई एकदाही चुकल्या नाहीत.

आणि मग तिसरं रीळ लागलं, आणि लोक हसायला लागले.

माझं काय चुकतंय ते कळेना. मेलेल्या आईवर लोक हसले. पियानोच्या तारांवर हसले. नायक मुलीला म्हणतो, "तुमच्या घरात आलं की मला पावलांचा आवाज होईल अशी भीती वाटते." यावर तर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खुर्चीच्या हातावर मूठ आपटू लागले. मला वाटलं, मी फ्रेंच चुकीचं शिकलो. चार वर्षं, टपालानं, शब्दकोशातून, सगळं चुकीचं. मग वाटलं, भाषांतर बरोबर आहे, माझा आवाजच हास्यास्पद आहे. हे मला जास्त पटलं.

"आठल्ये, वर बघा ना," शालनताई पुन्हा म्हणाल्या. त्यांचाही श्वास अडखळत होता. त्या हसू दाबत होत्या.

वर पाहिलं असतं तर लोकांचे चेहरे दिसले असते. ते मला नको होतं. मी मान आणखी खाली घातली.

त्यांनी बॅटरी धरलेल्या हाताच्या बोटानं माझ्या मनगटावर दोनदा टकटक केलं. पिवळा गोल कागदावर हलला. मला वाटलं, त्या पुरे करा म्हणतायत. पण पान उलटलं गेलं होतं आणि पुढच्या पानावर माझी पाच वाक्यं होती. ती माझ्याच अक्षरात, माझ्याकडे बघत होती. पंधरा दिवस ज्याच्यासाठी जगलो तिथे येऊन थांबणं मला जमलं नाही. मी वाचलं.

"मला बोलता येत नाही. मी वस्तू जागच्या जागी लावून ठेवतो, एवढंच मला येतं. पण तुम्ही ज्या खुर्चीवर बसता, ती मी रोज तशीच सरकलेली राहू देतो. सकाळी आलो की आधी तिच्याकडे बघतो. तुम्ही माझ्या घरी याल का, कायमच्या?"

हॉल फुटला. दुसरा शब्द नाही. माणसं खुर्च्यांवरून वाकून हसत होती. आणि त्या हसण्यावरून, नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो तशा स्वच्छ आवाजात शालन हळबे म्हणाल्या,

"नाही. या जन्मी तरी नाही!"

टाळ्या पडल्या.

तो क्षण मला अजून नीट मांडता येत नाही. एवढं आठवतं की राग आला नाही. मला वाटलं, बरोबर आहे. मीच म्हणालो होतो, वाटेल ते बोला. मी कागद सारखे केले, कडा जुळवल्या, ते त्यांच्यासमोर ठेवले आणि उठलो.

"अहो, कुठं? आठल्ये! पुढचं कोण—"

बाजूच्या दारातून मी बाहेर पडलो. बाहेर अकराचं ऊन होतं. समोर सतार दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात म्हातारे कारागीर तार लावून बघत होते, एकच सूर पुन्हा पुन्हा. मी घरी गेलो, पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीनं निपाणीला बहिणीकडे गेलो. वाचनालयाला रजेचा अर्ज तिथून टाकला.

दहाव्या दिवशी निपाणीला एक जाड लिफाफा आला. शालनताईंचं अक्षर. आत माझं भाषांतर होतं, पाचही रिळांचं. चिठ्ठी नव्हती. मी लिफाफा उलटा करून झटकला. मग पानं मोजली. तिसऱ्या रिळातलं एक पान नव्हतं. तेच.

फाडलं असणार, मी म्हटलं. त्यांच्या जागी असतो तर मीही फाडलं असतं.

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा होती. मी अर्ज केला आणि ती मिळाली. मिरजेच्या वाचनालयाला राजीनामा टपालानं पाठवला. डॉक्टरांचं एक पत्र आलं. सुरुवातीलाच लिहिलं होतं, ‘पंडित, त्या दिवशीचा घोटाळा’. मी पुढे वाचलं नाही. ते अजून माझ्याकडे असेल कुठेतरी, घडी घातलेलं. पुस्तकांवर प्रेम करणारा माणूस एक पत्र पूर्ण वाचू शकला नाही, हे लिहितानाही मला शरम वाटते.

मी लग्न केलं नाही. त्याचं कारण फक्त ती सकाळ होती, असं म्हणणार नाही. मला एकूणच खात्री कशाचीच नसते.

चोवीस वर्षांनी मिरजेला गेलो. वाचनालयानं जुन्या ग्रंथांची यादी तपासायला बोलावलं होतं. दुपारी काम संपवून रस्त्यानं चाललो होतो. ‘रत्नमाला’ बंद पडलेलं होतं, दाराला साखळी. समोर चहाची गाडी होती आणि तिथल्या बाकावर पांढरी दाढी घेऊन बाबालालभाई बसले होते.

"सायेब! तुमी वाचनालयातलं सायेब न्हवं? फ्रेंचवालं!"

मला पळावंसं वाटलं. त्यांनी हात धरून बसवलं.

"त्या दिशी तुमी गेला त्ये गेलाच की ओ. म्या केबिनमधनं हात हालवून हालवून दमलो. तीन नंबरच्या डब्यात चार नंबरचं रीळ हुतं, आन् चारच्यात तीनचं! पैल्या गावच्यानं घातलंतं उलटं. म्या म्हनलं हुतं तुमास्नी, बघू या म्हनून."

"चार नंबरचं?"

"व्हय! तुमी त्या गरीब माणसाचं वाचताय, आन् पडद्यावर कोण? त्यो जाड्या पेढीवाला! गुडघ्यावर बसून त्या पोरीला लगीन कर म्हंतोय. त्याच्या तोंडात तुमचं त्ये खुर्चीचं बोलणं! आन् पोरगी मुंडी हालवतीया, न्हाई, न्हाई, आन् फुलदाणीचं पाणी ओतलं त्याच्या टकलावर. लोकं हसून मेली. बाईंनी बी बरोबर बघून बोललं, या जन्मी न्हाई म्हनून!"

पडद्यावर बघून. मीच सांगितलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी दोनदा मला कुणीतरी वर बघायला सांगितलं होतं आणि मी पाहिलं नव्हतं. बाकाची फळी मी दोन्ही हातांनी धरली.

"म्हणजे तिसरं रीळ..."

"त्येच्या मागनं आलं की. चारच्या डब्यातनं. आता तुमी तर न्हाई. डाक्टर म्हनले, बंद करा. बाई म्हनल्या, न्हाई, म्या वाचते समदं. बाप्यांचं बी, बायांचं बी. एका हातात ब्याटरी, एका हातात कागूद. कागदं उलटीपालटी करून त्येंनी बरोबर पान काढलं बगा. लोक एकदम गप. त्यो पियानोवाला तिच्याम्होरं हुबा. बाईंनी तुमचं त्ये परत वाचलं. मला बोलता येत न्हाई, खुर्ची तशीच ऱ्हाऊ देतो. आता कोण हसलं न्हाई."

"आणि मग?" मी विचारलं. "तिथं तर रेघ होती. तिथं ती मुलगी काहीच बोलत नाही."

"पोरगी न्हाई बोलत. तिनं नुसतं त्याच्या कोटाचं सुटल्यालं बटण लावलं. पर बाई बोलल्या की." बाबालालभाईंनी दाढीवरून हात फिरवला, आठवायला डोळे मिटले. "म्हनल्या, मघाचं उत्तर त्या दुसऱ्या गृहस्थांना होतं. तुम्हांला नव्हे. खुर्ची तशीच राहू द्या. मी येते."

रस्त्यावरून एक टांगा गेला.

"आन् पिच्चर संपूस्तर दाराकडं बघत हुत्या, तुमी आत येताय का म्हनून. समद्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. तीनशे माणसं हुती. समद्यास्नी वाटलं, पिच्चरमधलंच हाय." ते थांबले. मग माझ्याकडे नीट पाहिलं. पिक्चर दाखवण्यात आयुष्य गेलेला माणूस, चेहरे त्यांना वाचता येत होते. "पिच्चरमधलंच हुतं न्हवं, सायेब?"

"त्या कुठं असतात आता?" मी विचारलं.

"बेळगावला दिल्या. त्याला झाली की एकवीस-बावीस सालं. पर त्येच्या आदी लई दिस येत हुत्या वाचनालयात. माझा म्हेवणा तितं शिपाई हुता. म्हनायचा, बाई येत्यात, खिडकीपाशी बसत्यात, आन् जाताना खुर्ची सरकवून ठेवू नगा म्हनून सांगून जात्यात. नव्या सायबाचा नियम हुता, म्हनून त्यो रोज बोलणी खायचा. पर त्यानं ठिवली तशीच. वरीस-दीड वरीस."

मी खाली बघत होतो. बाकाच्या पायाशी कुणाचीतरी विझलेली विडी पडली होती. ते पान फाडलेलं नव्हतं, एवढाच विचार मनात येत होता आणि तोच पुन्हा येत होता.

बाबालालभाईंनी माझ्या मनगटावर दोनदा टकटक केलं.

"सायेब," ते म्हणाले, "वर बघा की. चा आलाय."